लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांनो, तुमची फाईल कुणाकडे आहे?

देवबागचो_झील

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय २५. गाव देवबाग, म्हणजे तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. २०११ साली सहावीत असताना मानेला गाठ आली. आधी गंडमाळा म्हणून टीबीच्या गोळ्या झाल्या, आजीने दृष्ट काढून झाली, गाठ वाढतच गेली. शेवटी परळचं टाटा हॉस्पिटल. हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. सहा महिने केमो चालली. आम्ही तिघे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. बाबांची होडी त्या वर्षी खाडीत उलटी पडून होती. २०१२ मध्ये डॉक्टर म्हणाले, संपलं, घरी जा. काही वर्षं तपासणीला गेलो. मग बारावी आली, होडीच्या इंजिनाचं कर्ज आलं, आणि आम्हीच जायचं सोडलं. मला काही होत नव्हतं. अजूनही होत नाही.

आता मुद्दा. गेल्या ऑक्टोबरात सीझन सुरू होताना एका स्कुबावाल्यांनी मला बोलावलं. पाण्यात मी लहानपणापासून आहे, पगार बरा, वर टीप. कोर्सच्या आधी एक आरोग्याचा फॉर्म भरायचा होता. छातीचा आजार? नाही. हृदयाचा? नाही. मोठे उपचार झालेत? इथे पेन जरा थांबलं. मग खालपर्यंत सगळीकडे ‘नाही’ करत गेलो. खोटं लिहितोय असं वाटलंही नाही. चौदा वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय?

रात्री जेवताना आईला सहज म्हटलं, मला तेव्हा नेमकं कुठलं औषध दिलं होतं गं? ती काही बोलली नाही. जेवण झाल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तिच्या लग्नातल्या शालूखाली, डांबरगोळ्यांच्या वासात, तीन पिशव्यांत गुंडाळलेली माझी फाईल होती. इतकं करूनही आपल्याकडचा पावसाळा आत शिरलाच होता, कडांना बुरशी, निम्मी शाई पसरलेली. पण एक पान शाबूत होतं. त्यावर चार औषधांची नावं. मला आठवत होतं ते एकच, लाल सलाइन. ते चढलं की लघवी लाल व्हायची आणि बाजूच्या खाटेवरचा पोरगा ‘तुका कोकम दिल्यानी’ म्हणून चिडवायचा.

त्या चार नावांत एक ब्लिओमायसिन आहे. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर त्याच्याबद्दल वाचत बसलो आणि सकाळी स्कुबावाल्यांना ताप आलाय म्हणून कळवलं.

डॉक्टर असतील त्यांनी सांगावंच. पण मला जास्त हवेत ते माझ्यासारखे, लहानपणी यातून गेलेले आणि आता पंचविशी-तिशीत असलेले. तुम्ही काय काय तपासून घेता? की माझ्यासारखेच ‘काही होत नाही’ म्हणून बसला आहात?

खाडीवरचा

वाचतोय. तुझ्या आवशीक नमस्कार सांग. तीन पिशव्यांत गुंडाळणारी आवस कोकणातच गावात.

सुरंगी

झील, मी रत्नागिरीची. वय २८. २००३ मध्ये सहा वर्षांची असताना ब्लड कॅन्सर, ए.एल.एल. अडीच-तीन वर्षं उपचार, त्यात डोक्याला रेडिएशनसुद्धा.

मीसुद्धा ‘काही होत नाही’वालीच होते. कॉलेजात वजन वाढलं, तर घरचे म्हणाले, बसून खाते. थकवा आला, तर म्हणाले, मोबाईल बघते. चोविसाव्या वर्षी उजवा खुबा दुखायला लागला. हाडाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक दिला, सात-आठ महिने गेले. एका तरुण डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, ‘कधी स्टिरॉइड घेतलंत का?’ मी म्हटलं, लहानपणी अख्खं वर्षभर घेत होते, तोंड नारळासारखं गोल झालं होतं. त्याने लगेच एमआरआय काढायला लावला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मऊ पडत चाललं होतं. स्टिरॉइडने हे होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. थायरॉइडही त्याच सुमारास सापडला. वजन आणि थकवा यांचं उत्तर सापडलं, मोबाईल सुटला.

राग यायचा तो रोगाचा नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हा शरीराचा जुना हिशोब आहे, तो कधीतरी मागायला येऊ शकतो. आईबाबांना सांगितलं असेलही, पण तेव्हा त्यांचे कान एकच गोष्ट ऐकायला टवकारलेले, ‘जगेल ना?’

सकारात्मक

सर्वांना नमस्कार. मला वाटतं असे धागे काढून आपण नकारात्मकता पसरवतो आहोत. देवाने वाचवलं, झालं गेलं विसरावं. मन खंबीर तर शरीर खंबीर. माझ्या ओळखीत एकांनी रोज सकाळी गुळवेल आणि आणखी पाच वनस्पतींचा काढा घेतला, त्यांना कशाचीही तपासणी लागत नाही. झील, बिनधास्त पाण्यात उतर. समुद्र आपली आई आहे.

खाडीवरचा

समुद्र आई आहे हे मान्य. पण आईसुद्धा फाईल बघून बोलते आहे.

डॉ_गुहागर

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही. तीस वर्षं आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग गावात प्रॅक्टिस केली. पण हा विषय मी थोडा मुद्दाम वाचला, कारण माझ्याच एका पेशंटच्या बाबतीत मी चुकलो होतो. ते नंतर कधीतरी.

झील, तुझी चार औषधं म्हणजे एबीव्हीडी ही पद्धत असणार. ए म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन ऊर्फ डॉक्सोरुबिसिन. तुझं ‘कोकम’ ते हेच. बी म्हणजे ब्लिओमायसिन.

आधी बी. हे औषध काही जणांच्या फुप्फुसांत बारीक व्रण ठेवून जातं. बहुतेकांना रोजच्या जगण्यात ते जाणवत नाही. प्रश्न येतो तो जादा ऑक्सिजनचा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. पाण्यात दहा मीटर खाली गेलास की दाब दुप्पट, म्हणजे टाकीतल्या साध्या हवेचा ऑक्सिजनही फुप्फुसाला ४२ टक्क्यांसारखा लागतो. शिवाय व्रण पडलेल्या जागी हवा अडकली आणि वर येताना ती फुगली, तर फुप्फुस फाटू शकतं. पर्यटक आयुष्यात एकदा पाच-सात मीटर जाऊन येतो. तू गाईड म्हणून दिवसाला किती फेऱ्या करणार, विचार कर. म्हणून ब्लिओमायसिन घेतलेल्याने छातीच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्कुबा करू नये, असा सल्ला आहे. कायमची बंदी आहे असं मी म्हणत नाही, आधी तपासणी एवढंच. साध्या फुंकर मारायच्या चाचणीवर थांबू नकोस. फुप्फुसातून रक्तात वायू किती झिरपतो ते मोजणारी वेगळी चाचणी असते, डीएलसीओ, तीही करून घे.

आणि हे पाठ कर. उद्या अपेंडिक्सचं जरी ऑपरेशन निघालं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला ब्लिओमायसिन दिलेलं आहे’ हे सांगायचं. ते त्याप्रमाणे ऑक्सिजन बेताने ठेवतात.

आता ए. हे माझ्या मते तुझ्या बाबतीत जास्त महत्त्वाचं, आणि तू त्याबद्दल विचारलंच नाहीस. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला त्रास देतं, आणि तो कधीकधी दहा, वीस वर्षांनी दिसतो. एकूण किती गेलं यावर धोका ठरतो. एबीव्हीडीच्या एका सायकलमध्ये, म्हणजे औषधांच्या एका फेरीत, शरीराच्या दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, दोनदा. सहा सायकल झाल्या असतील तर ३००. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २५० आणि त्याच्या वर म्हणजे जास्त धोक्याचा गट, दर दोन वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. १०० ते २५० मध्ये असेल तर पाच वर्षांनी. तुझा शेवटचा इको कधी झाला? छातीला किंवा मानेला रेडिएशन दिलं होतं का? तेही त्या पानावर बघ, कारण मग हिशोब बदलतो आणि थायरॉइडही दरवर्षी बघावा लागतो.

सकारात्मक यांना: सहा वनस्पतींचा काढा ज्या मूत्रपिंडातून आणि यकृतातून जातो, ते केमोने आधीच दमलेलं असू शकतं. गुळवेलीने यकृताला सूज आल्याचे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवलेले आहेत. मन खंबीर असावं, जरूर. पण मनाने इको होत नाही.

देवबागचो_झील

डॉक्टर, काय बोलू. सायकल सहाच. पानावर आकडा पुसट आहे पण सहा वाटतो. रेडिएशन नव्हतं, हे आई शपथेवर सांगते. शेवटचा इको बहुतेक आठवीत.

एक कबुली. मित्रांबरोबर असताना कधीमधी सिगरेट होते. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जातो. तेही बंद का?

डॉ_गुहागर

सिगरेट आजपासून बंद, यावर चर्चा नाही. ब्लिओमायसिन झालेल्या फुप्फुसाने सिगरेट ओढणं म्हणजे बुरशी आलेल्या फाईलवर स्वतःहून पाणी ओतणं. तंबाखू आणि मिश्रीही त्यातच आली, तुझ्या आजीचं काहीही मत असो.

रापण बंद करायला मी कोण? पण आधी इको. तो चांगला आला तर चालणं, पोहणं, सायकल हे सगळं हृदयाला उलट हवंच आहे. जपायचं ते श्वास कोंडून जोर लावण्याला, कारण त्या क्षणी रक्तदाब झपकन चढतो. रापणीला ओढताना ‘होऽऽ’ करत श्वास सोडतात ना, ती आपल्या पूर्वजांची शहाणीव. जिममध्ये मोठमोठी वजनं उचलायची असतील तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोज. या औषधानंतर वाढलेला रक्तदाब हा हृदयाचा मोठा शत्रू आहे. आणि आपल्याकडे सुकं, खारं, लोणचं, पापड यांतून मीठ किती जातं ते तुला माहीत आहे.

खाडीवरचा

अवांतर: सुक्या बांगड्याला नावं ठेवणाऱ्या पहिल्या कोकणी डॉक्टरांचा निषेध. हलकेच घ्या.

दापोलीची_आई

मी सर्व्हायव्हर नाही, आई आहे. लेकाला तिसऱ्या वर्षी मूत्रपिंडाची गाठ झाली, विल्म्स म्हणतात ती. डावं मूत्रपिंड काढलं. आता तो १९ वर्षांचा आहे, इथेच कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला कबड्डी खेळायची असते, चिखलात उतरून भात लावायचा असतो, मित्रांबरोबर हर्णैला जायचं असतं. मी नाही म्हणते. घरात रोज भांडण. परवा म्हणाला, ‘आई, मला वाचवलंस ते काचेच्या बरणीत ठेवायला का?’ मी रात्रभर झोपले नाही.

झीलच्या आईने ट्रंक उघडली, माझी अजून उघडवत नाही. त्याला माहीतही नाही की त्याच्या औषधांत ते लाल औषधही होतं. मी त्याला फक्त ‘एक किडनी काढली’ एवढंच सांगितलंय.

सुरंगी

काकू, रागावू नका, पण माझ्या आईला जे बोलायचं राहिलं ते तुम्हाला बोलते. ती फाईल त्याची आहे. तुम्ही सांभाळलीत हे तुमचे उपकारच. पण उद्या तो पुण्याला नोकरीला गेला आणि रात्री पोट दुखून दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरांना काय सांगणार? तुम्हाला फोन लावणार? माझ्या आईला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. माझ्या उपचारांतली निम्मी माहिती फक्त तिच्या डोक्यात होती.

डॉ_गुहागर

दापोलीच्या ताई, सुरंगी कडक बोलली पण खरं बोलली.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर एका मूत्रपिंडावर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, किडनी दान करणारे जगतातच की. जपायचं ते इतकंच: वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन. पाणी भरपूर. आणि मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत. आपल्याकडे पाय दुखला, पाठ दुखली की डायक्लोफेनॅक शेंगदाण्यासारखं खातात. ताप आला तर पॅरासिटामॉल, त्यापलीकडे डॉक्टरांना विचारून.

भात लावणीची भीती तुमची अगदीच चुकीची नाही, पण कारण वेगळं आहे. चिखल नाही, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदराच्या मुतातून पाण्यात जंतू येतात, पायाच्या चिरांतून शिरतात, आणि लेप्टो मूत्रपिंडावरच बसतो. ज्याच्याकडे दोन आहेत त्याचीही तारांबळ होते. म्हणून गमबूट, पायाला जखम असेल तेव्हा उतरायचं नाही, आणि लावणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळी मिळते ती विचारून घ्यायची. ताप आणि पोटऱ्या दुखणं एकत्र आलं तर उद्यावर ढकलायचं नाही, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे: ‘मला एकच किडनी आहे.’

कबड्डीबद्दल त्याच्या डॉक्टरांशी समोरासमोर बोला, त्याला बरोबर घेऊन. पूर्वी सरसकट नाही म्हणत, आता तसं राहिलेलं नाही. आणि लाल औषध झालं असेल तर त्यालाही इको हवा. तो त्याला कोण सांगणार?

हापूसबाग

इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. देवगड. वय ४२. माझा कॅन्सर १९९४ चा, रक्ताचा, अकरा वर्षांचा होतो. त्या काळी आमच्या वाडीत कॅन्सर झालेला पोरगा परत आलेला कुणी बघितला नव्हता. मी परत आलो तर लोक बघायला यायचे.

दोन गोष्टी सांगतो. २०१९ च्या मोसमात बागेतून पेट्या खांद्यावर घेऊन घाटी चढताना मला धाप लागायला लागली. वय झालं म्हणून सोडून दिलं. वय ३६! गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. त्यांनी जुन्या आजाराचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, दोघांचीही चूक. एका रात्री आडवं झोपवेना, बसून रात्र काढली. रत्नागिरीला इको झाला, हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलेलं. लाल औषधाचं नाव तेव्हा पंचवीस वर्षांनी परत ऐकलं. गोळ्या सुरू झाल्या, आता ५० च्या आसपास आहे. पेट्या गडी उचलतात, मी हिशोब लिहितो. बरा आहे. पण ती धाप लागायच्या आधी पाच-सहा वर्षं कुणी इको केला असता तर कदाचित पेट्याही मीच उचलल्या असत्या.

दुसरी गोष्ट कुणी लिहिलेली नाही. माझ्यासारख्या जुन्या लोकांना उपचारात रक्ताच्या बाटल्या खूप चढल्या. आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेलं असेल तर एकदा तपासून घ्या. माझी निघाली. बारा आठवडे गोळ्या, कावीळ गेली. सरकारच्या कार्यक्रमात ते औषध २०१८ पासून फुकट मिळतं. लाजू नका.

खाडीवरचा

+१. हापूसबाग, हे वेगळा धागा काढून लिहा. वाचनखूण साठवली.

सुरंगी

लग्नाचं कुणीच विचारत नाहीये, म्हणून मीच लिहिते. सगळ्या मुलींच्या मनात असतं.

दोन स्थळं मोडली. पहिल्याला आईने सांगितलं नव्हतं, त्यांना बाहेरून कळलं, ‘फसवलं’ म्हणाले. दुसऱ्यांना सांगितलं, ते चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. तिसऱ्याला मी स्वतः भाट्याच्या किनाऱ्यावर फाईलच दाखवली. तो दहा मिनिटं वाचत बसला, मग म्हणाला, ‘अक्षर कुणाचं आहे, वाचवत नाही.’ लग्नाला तीन वर्षं झाली.

मुलांबाबत दोन भीती असतात, एक होतील का, दोन त्यांना कॅन्सर होईल का. दुसरीचं उत्तर मला स्पष्ट मिळालं. बहुतेक बालपणीचे कॅन्सर आनुवंशिक नसतात. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या एका प्रकारासारखे थोडे असतात, त्यांनी जनुकांची तपासणी करून सल्ला घ्यावा. पहिलीचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं, कुठलं औषध किती गेलं त्यावर. काहींची पाळी लवकर जाऊ शकते, म्हणून उशीर करायच्या आधी विचारून घ्या. मुलांनीही, बरं का. वीर्यतपासणी म्हटलं की सगळे पुरुष धाग्यावरून गायब होतात.

मला सातवा महिना चालू आहे. पहिल्या भेटीत इथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काही ऑपरेशन, शुगर, बीपी?’ मी सगळ्याला नाही म्हटलं. झीलसारखंच! नवऱ्याने पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली. लगेच इको झाला, आता पुढचाही ठरलाय. गर्भारपणात हृदयावर भार वाढतो, लाल औषध झालेल्या बाईचा इको आधी आणि सुरुवातीच्या महिन्यांत व्हायलाच हवा.

डॉ_गुहागर

उत्तम लिहिलंस, आणि अभिनंदन. एक जोड: ज्या मुलींच्या छातीला रेडिएशन झालंय, त्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका तरुण वयातच वाढतो. पंचविसाव्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी सांगतात. ‘चाळिशीनंतर बघू’ हा नियम यांना लागू नाही. आणि रेडिएशनच्या जागेवरच्या त्वचेला ऊन लागू देऊ नये. होडीवर उघड्या अंगाने फिरणाऱ्यांनी ऐकावं.

आता माझी चूक सांगतो, कबूल केलं होतं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, लहानपणी कॅन्सर झालेला. दर महिन्याला यायचा, कधी मानेला गाठ वाटते, कधी काखेत. मी हाताने बघायचो, काही नसायचं, ‘वेडा आहेस’ म्हणून हसून घालवायचो. एक दिवस तो यायचाच बंद झाला. नंतर कळलं, रात्र-रात्र झोपत नव्हता, नोकरी सोडली होती. त्याला गाठ नव्हती, पण आजार होता, आणि तो मी हसण्यावारी नेला.

देवबागचो_झील

डॉक्टर, हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी रोज रात्री दिवा घालवला की मान चाचपतो. चौदा वर्षं. बोटांना सवयच झालीय.

सुरंगी

मी पायावरचे निळे डाग मोजायची. लग्नानंतरही. नवरा म्हणाला, मला दाखव, दोघं मोजू. आता महिन्यातून एकदा मोजतो.

परळलाच इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ नावाचा आमच्यासारख्या बरे झालेल्या मुलामुलींचा गट आहे, २००९ पासून. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एका खोलीत वीस जण हसत होते आणि सगळ्यांना माहीत होतं मी का चाचपते. मला तेवढंच पुरलं. झील, मुंबईला जाशील तेव्हा जा.

देवबागचो_झील

(दोन महिन्यांनी)

मंडळी, उशिराबद्दल माफी. जाऊन आलो.

टाटाला बरे झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, ‘अ‍ॅक्ट’ म्हणतात. १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी सुरू केलं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून हे तिथे होतं आणि आम्ही जायचं सोडलं होतं. मला वाटलं इतकी वर्षं आला नाहीस म्हणून ओरडतील. कुणी ओरडलं नाही. फाईल नंबर सांगितला तर जुनी नोंद निघाली. बुरशीने खाल्लेलं सगळं तिथे कोरडं होतं.

कुडाळहून कोकणकन्या पकडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेल्वेची सवलत नुसत्या तपासणीला जातानाही मिळते, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के. आईला घेऊन गेलो. ती वाटेत चिपळूणपर्यंत एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, ‘त्यावेळी तू हय खिडकीत बसान ओकत होतंस.’

निकाल. इको चांगला आहे, पंपिंग ६० टक्के. पुढचा दोन वर्षांनी. डॉक्सोरुबिसिन ३००, डॉक्टरांनी इथे बसून केलेला हिशोब तंतोतंत. रक्तदाब थोडा वरच्या बाजूला, सुक्या बांगड्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय (खाडीवरचा, क्षमस्व). फुंकरीची चाचणी ठीक. डीएलसीओ मात्र कमी आला. रोजच्या जगण्याला काही अडचण नाही, पोह, धाव, रापण ओढ. टाकी लावून खाली जाणं नको, असं छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. परळच्या फुटपाथवर अर्धा तास बसलो होतो. ज्या औषधाने जगवलं त्यानेच समुद्राच्या तळाची वाट बंद केली, हे एकदम गिळत नाही.

स्कुबावाल्यांकडे जाऊन फॉर्म बदलून दिला. मालक आधी चिडले, मग म्हणाले, होडीवर राहशील का? वर माणूस लागतोच, पर्यटकांना सूचना द्यायला, टाक्या भरायला, बुडबुड्यांवर नजर ठेवायला. स्नॉर्केलिंगवाल्यांना मी घेऊन जातो, ते पाण्याच्या वरच असतं. पगार थोडा कमी. टीप बरी मिळते, कारण मी फॉर्म भरताना लोकांच्या पाठीमागे उभा राहतो आणि खरं लिहायला लावतो. परवा पुण्याच्या एका काकांनी बायपास झाल्याचं असंच लपवलं होतं, त्यांना होडीवर माझ्याशेजारी बसवून ठेवलं. वैतागले, पण डॉल्फिन दिसले म्हणून गप्प झाले.

मान अजून चाचपतो. रोज नाही.

हापूसबाग

मोसमात देवगडात ये. पेटी माझ्याकडून. उचलायला मात्र गडी.

दापोलीची_आई

झील, बाळा, तुझं वाचून काल ट्रंक उघडली. आमची ट्रंक नाही, बँकेच्या कागदांची पेटी आहे. लेक समोर बसला. दोन तास प्रश्न विचारत होता. मला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही, रडायलाच येत होतं. मग त्याने मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढले आणि म्हणाला, इको कुठे करतात गं? पुढच्या आठवड्यात डेरवणला जातोय. मी म्हटलं, मी येऊ का? म्हणाला, ये, पण आत मी बोलणार.

कबड्डीचं अजून ठरायचंय.

डॉ_गुहागर

ताई, निकाल आला की इथे नाही तर माझ्या विचारपुशीत कळवा.

देवबागचो_झील

काकू, फोटो दोन ठिकाणी ठेवायला सांगा. मी मुंबईहून आणलेल्या सारांशाच्या पानाला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं, एक प्रत पाकिटात, एक होडीवर, एक मोबाईलमध्ये. जुनी फाईल आता माझ्या खोलीत आहे. आईने काल दारात येऊन विचारलं, ‘फाईल ऱ्हवांदे तुझ्याकडे. पण ती वरची पिशवी परत दी, तेच्यात रेशनकार्ड ठेवूचां आसा.’